हवेची गाळणी

माझी बायको माहेरी जाऊ नये एवढ्यासाठी मी घरातली हवा गाळायला घेतली. त्यात मिरच्या कुठून आल्या, पोलीस कुठून आले आणि शेवटी सरकारी कागदांची ओटी का भरली गेली, हे इतक्या वर्षांत मला कुणी सलग सांगू दिलेलं नाही. लोक मधेच हसतात. म्हणून एकदा लिहूनच काढतो.

गोष्ट निजामाच्या राज्यातली, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली. गावाचं नाव सरकारी कागदात उस्मानाबाद, आमच्या तोंडी धाराशिव. मी तहसील कचेरीत मुहाफिजखान्याचा, म्हणजे जुने कागद ठेवायच्या खोलीचा, अहलकार, म्हणजे कारकून, होतो. खोलीची किल्ली सोळा वर्षं माझ्या कमरेला होती. कोणत्या गावच्या कोणत्या बांधाचा तंटा कोणत्या बस्त्याच्या फडक्यात बांधलेला आहे, हे मी डोळे मिटून सांगत असे. तहसीलदार येत, बदलून जात, नवे येत, आणि पहिल्या आठवड्यात सगळ्यांना कळायचं की शिवशरणअप्पाला विचारल्याशिवाय या कचेरीत काही सापडत नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढं माझी जी शोभा झाली ती कुणाची झाली, हे वाचणाऱ्याला कळलेलं बरं.

त्या वर्षी दिवाळीपासून माझ्या बायकोला, कस्तुराबाईला, धाप लागू लागली. आधी शिंका, मग खोकला, आणि आडवी झाली की छातीत पिपाणी वाजायची. रात्र रात्र उशीला टेकून बसायची. बोलायला गेली की दोन शब्द आणि दम, दोन शब्द आणि दम. आमच्या घरात बोलणारी तीच. मला ठेचून ठेचून टोमणे मारायची तिची जुनी सवय होती, आणि आता एकेक टोमणा तीन तुकड्यांत यायचा. त्याची धार जायची. एरवी मला त्याचा आनंद व्हायला हवा होता, पण होत नव्हता.

नळदुर्गहून तिचा धाकटा भाऊ महांतप्पा बाजाराला आला होता. बहिणीची दशा बघून त्यानं चहाची कपबशी खाली ठेवली.

"दाजी, पौषाच्या आवसंला मी गाडी घिऊन येतो," तो म्हणाला. "तवर आक्काला आडवं पडून झोप लागली तर ऱ्हाऊ द्या हितं. न्हाय तर म्या नेणार. बोरी नदीच्या काठाला घर हाय आमचं, तितं कुणी खोकत न्हाय."

"आणि परत कधी आणणार?" मी विचारलं.

"तुमची हवा सुधारली की."

नवऱ्याच्या घरची हवा बायकोला मानवत नाही, असं मेहुण्यानं तोंडावर सांगावं. मी मान हलवली आणि पानाचा डबा पुढं केला, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. खरं म्हणजे मला स्वयंपाकाची काळजी नव्हती, खिचडी मलाही येते. पण कस्तुराबाई चार दिवस गावाला गेली तरी मी घरातल्या घरात कंदील शोधत हिंडतो, आणि तो माझ्या हातात असतो. ती गेली आणि हवा सुधारलीच नाही तर काय, हा विचार मी शेवटपर्यंत नेऊ शकलो नाही. हे मेहुण्याला सांगण्यासारखं नव्हतं.

गुन्हेगार कोण हे मात्र मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आमच्या घरामागं एक बोळ आणि बोळापलीकडं कापसाचं जीन, सरकी काढायचा कारखाना. दिवाळी झाली की जीन सुरू व्हायचं आणि रुईचं तूस उडायचं. दिवाळीपासून जीन, दिवाळीपासून धाप. आणखी पुरावा कशाला हवा?

दिवाळीपासून दुसरंही एक सुरू झालं होतं, पण ते माझं काम. तहसीलदारसाहेबांनी सगळ्या जुन्या बस्त्यांची नवी फेरिस्त करायचा हुकूम काढला होता. कचेरीत उजेड कमी. म्हणून मी गुरुवारी संध्याकाळी चार बस्ते घोंगडीत गुंडाळून घरी आणायचो, शुक्रवारच्या सुट्टीत सोडून झटकून त्यांची यादी करायचो आणि शनिवारी परत न्यायचो. सरकारी कागद घरी आणणं कायद्यात बसत नव्हतं, तेव्हा बस्ते कस्तुराबाईच्या बाजेखाली सरकवून वरून गोधडी सोडायचो. हे मी इथं सांगतोय ते केवळ माझी नोकरीवरची निष्ठा ध्यानात यावी म्हणून.

तर सल्ले. शेजारचे बाबामियाँ शिंपी म्हणाले, काळी मिरी मधात द्या. त्यांच्या नसीमबी म्हणाल्या, खिडकीला ओला पडदा लावा. समोरची दगडाबाई म्हणाली, नजर लागलीय, आणि कुणाची लागलीय त्यांची नावंही तिनं सांगितली, त्यात दोन तिच्या जावा होत्या. खुद्द कस्तुराबाईचं म्हणणं वेगळंच होतं.

"अवं," ती म्हणाली आणि दम घेतला. "मला शुक्रवारी... लई व्हतं. दुपारी."

"शुक्रवारी दुपारी तो जीन बंद रहता," बाबामियाँ म्हणाले. "गफार मिस्त्री नमाजला येतो ना माझ्यासंगं."

"सकाळी उडालेली रुई दुपारपर्यंत खाली येते," मी सांगितलं. "ती तेव्हा नाकाशी पोचते."

बाबामियाँ उठून आपल्या मशीनकडं गेले. माझा मुद्दा पटला म्हणून गेले, असं मी धरून चाललो.

मी आधी रीतसर मार्गानं गेलो. उर्दूत सुरेख अक्षरात दरखास्त लिहिली की जीनमुळं अर्जदाराच्या घरातली हवा खराब होते. आठ दिवसांनी उलट विचारणा आली की सदर हवा कोणत्या सर्वे नंबरातली. मी नकाशा जोडला. मग विचारणा आली की हवा जीनच्या हद्दीत खराब होते की अर्जदाराच्या हद्दीत आल्यावर. मी लिहिलं, बोळात. त्यावर उत्तर आलं की खराब हवेचा नमुना जोडावा. मी सोळा वर्षं सरकारी नोकर, कागदावर मागितलेली गोष्ट जोडायची एवढंच मला माहीत. बाटली घेतली, खिडकीत अर्धा तास उघडी धरली, बूच लावलं, लाखेनं मोहर केली आणि पाठवून दिली. चौथ्या दिवशी बाटली परत आली. शेरा होता, "रिकामी बाटली जोडण्याचं कारण कळवावं."

अवस पंधरा दिवसांवर आली होती. कस्तुराबाईनं दोन लुगडी घडी करून गाठोड्यात ठेवलेली मी पाहिली.

त्याच दिवशी बाबामियाँनी माझा शिवलेला सदरा हैदराबादच्या एका जुन्या अखबारात गुंडाळून दिला. घरी येऊन बघतो तर त्यात विलायतेच्या एका यंत्राची हकीकत. विजेचा पंखा खोलीतली हवा मागून ओढतो, ती कापडाच्या घड्यांतून ढकलतो, धूळ कापडात अडकते, कोळसा वास शोषून घेतो आणि पुढून स्वच्छ हवा बाहेर पडते. हे यंत्र तयार करण्याची कृती पुढीलप्रमाणे, असं लिहिलं होतं, आणि नेमका तिथंच कागद फाटला होता. उरलेला तुकडा कुणाच्या पायजम्याभोवती गेला हे बाबामियाँना आठवेना.

मी गफार मिस्त्रीकडं गेलो. जीनचं इंजिन आणि त्यावरचा डायनामो त्याच्या हाताखाली. शत्रूच्या गोटात जाताना मला जड गेलं, पण गावात वीज होती ती तिथंच. गफारनं तुकडा वाचला, कान खाजवला.

"हौ, कर देंगे अप्पा. हैच क्या इसमें. हवा जाळीतून जाती, धूळ न्हाय जाती."

"आणि ती धूळ कुठं जाते?"

"कपड्यावर बसती. आठ-दस दिनानं खोलायचं, देखना क्या बैठा है. कपडा झूट नहीं बोलता, अप्पा."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

चहाचं मोठं खोकं मी आणलं. मलमलीच्या चार घड्या बाबामियाँनी दिल्या, आणि कोळसा त्यांच्याच इस्तरीचा. पंखा जीनच्या मालकांच्या गादीवरचा, मोडका, तीन पात्यांपैकी दोन शिल्लक असलेला. तो मागायला मला स्वतः जावं लागलं. ज्याच्याविरुद्ध दरखास्त केली त्याच्याकडं पंखा आणि वीज मागायची, म्हणजे कसं तोंड करावं कळत नाही. मालक सज्जन होते. त्यांनी दोन्ही दिलं आणि विचारलं, "बाटली पोचली का परत?" म्हणजे गावभर झालं होतं.

तारेचा प्रश्न होता. लढाईमुळं तांब्याची तार मिळत नव्हती. गफारनं कुठून कुठून तुकडे जमवून गाठी मारल्या आणि बोळावरून तार आमच्या खिडकीत आणली. बोळ सरकारी, म्हणून मी इजाजतीचा अर्ज टाकला. या वेळी नमुना मागितला नाही, पण तार हवेतून जाते की जमिनीवरून, हे विचारलं. मी लिहिलं, हवेतून. माझ्या मागच्या दरखास्तीला जोडून तो अर्ज तहकूब झाला, कारण दोन्ही हवेबाबत होते.

बाबामियाँ तारेकडं बघत उभे होते. "अप्पा, एक पूछूँ? जीन चालू तो हवा खराब. जीन बंद तो पेटी बंद. मग ही पेटी जीनची हवा जीनच्याच विजेवर साफ करणार?"

"रोग असतो तेव्हाच औषध लागतं," मी म्हणालो आणि आत गेलो. काही माणसांना शास्त्र समजावून सांगण्यात अर्थ नसतो.

पेटी सुरू झाली ती बुधवारी सकाळी. घुं असा आवाज आला, खोकं थरथरलं आणि पुढून खरोखर गार झुळूक आली. कस्तुराबाईनं तोंड पुढं केलं. तिच्या कपाळावरचे केस हलले. ती हसली, फार दिवसांनी. मला वाटलं, सोळा वर्षांची नोकरी एकीकडं आणि हे एकीकडं.

तिथंच थांबायला हवं होतं, पण बातमी फुटली. दुपारपर्यंत खोलीत चाळीस माणसं. सगळ्यांच्या पायांना बाजारची माती. साफ हवा कशी लागते हे बघायला जो तो पेटीपुढं बसून छाती भरून घेऊ लागला, आणि घेतलेली तिथंच सोडू लागला. बाबामियाँनी परीक्षा म्हणून मागून ऊद धरला. धूर मागून आत गेला, पुढून आला नाही. लोकांनी वा वा केली. मग प्रत्येकाला आपापला धूर घालून बघायचा होता. एकानं बिडी धरली, एकानं चिलीम, एक म्हातारा घरी जाऊन गोवरीच पेटवून घेऊन आला. पेटीनं सगळं मुकाट्यानं पोटात घेतलं. मी बाजूला उभा राहून धूर कोणत्या क्रमानं घालावा ते सांगत होतो. माझी छाती फुगली होती, हे कबूल करतो.

एवढ्यात दगडाबाई आली. एवढं नवं यंत्र, एवढी माणसं बघून गेलेली, त्याची दृष्ट काढायला नको का? तिच्या हातात खापरात फुललेले निखारे होते, पदरात मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या. मी हात वर करेपर्यंत तिनं पेटीवरून तीनदा ओवाळलं आणि मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या, अगदी पंख्याच्या तोंडाशी.

आधीच्या धुरानं इस्तरीचा कोळसा थकला असावा. पेटीनं मिरच्यांच्या धुराचा तो खाट मागून ओढला आणि पुढून, दोन पात्यांच्या पुऱ्या जोरानं, चाळीस माणसांच्या तोंडावर सोडला. दार एकच होतं. नंतर माझ्या खोलीत सात चपला, एक टोपी आणि एक काठी सापडली. काठीचा मालक तिच्याशिवाय चालत नाही अशी सगळ्यांची समजूत होती.

कस्तुराबाईला नसीमबींनी खांदा देऊन आपल्या घरी नेलं. संध्याकाळपर्यंत ती तिथंच पडून होती. दगडाबाई डोळे पुसत मला म्हणाली, "बगा, केवडा खाट आला. म्हंजे नजर लईच व्हती."

गंमत म्हणजे नसीमबींकडून कस्तुराबाई परत आली ती बऱ्या श्वासानं. मी ते पेटीच्या खात्यावर मांडलं. दुसऱ्या दिवसापासून खोलीत कुणाला येऊ दिलं नाही, कोळसा बदलला, पेटी चालू ठेवली आणि दार लावून शांतपणे माझी फेरिस्त करू लागलो. मुदत जवळ आली होती म्हणून त्या आठवड्यात चाराचे आठ बस्ते आणले. कस्तुराबाईचा खोकला पुन्हा वाढला. मी पेटी बाजेच्या आणखी जवळ सरकवली.

अवस शुक्रवारी आली. सकाळीच दारात बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला. महांतप्पानं गाडीत कडबा अंथरून वर घोंगडं टाकलं होतं, टेकायला तक्क्या ठेवला होता. बहिणीच्या प्रवासाची इतकी काळजी त्यानं घेतलेली बघून मला त्याचा राग येईना, आणि तेच जास्त लागलं. दगडाबाई ओटी भरायला तांदूळ आणि खण घेऊन हजर झाली. कस्तुराबाई बाजेवर बसून होती, गाठोडं मांडीवर. ती माझ्याकडं बघत नव्हती.

"महांतप्पा, अजून चार दिवस," मी म्हणालो. "यंत्राला जम बसतोय."

"दाजी, यंत्राला चार दिवस द्या. आक्काला न्हाय."

याच वेळी पोलिसांचे अमीनसाहेब दोन जवान घेऊन आत आले. ते उर्दूत बोलले, मी मराठीत सांगतो. सरकारी अहलकाराच्या घरात एक पेटी आहे, तिला तार आहे, ती गुणगुणते आणि लांबची हवा ओढून घेते, अशी खबर होती. हवेतून काहीतरी ओढणारी एकच पेटी अमीनसाहेबांना माहीत होती, ती म्हणजे वायरलेस. लढाई चालू असताना अशी पेटी विनापरवाना ठेवणाराला काय होतं, हे त्यांनी मला थोडक्यात सांगितलं. मी कृतीचा फाटका अखबार दाखवला. ते म्हणाले, उरलेला अर्धा कुठं लपवलाय?

गफारला जीनवरून बोलावलं. बाबामियाँ त्याच्या मागोमाग आले. गफारनं खोक्याच्या फळ्या काढल्या, पंखा दाखवला, कोळसा दाखवला, आणि मलमल ओढून काढून उजेडात धरली.

"देखो साब. यही है. हवेची गाळणी."

मी पुढं झालो. निदान आता जीनची पांढरी रुई सगळ्यांना दिसणार होती. पण मलमल पांढरी नव्हती. कडेला कुठं चार तुसं होती, धुराचा काळपट डाग होता, आणि बाकी अख्खं कापड जाड तपकिरी धुळीनं भरलं होतं.

"अप्पा," गफार हळूच म्हणाला, "ये रुई नहीं है."

बाबामियाँनी चिमूट घेऊन चोळली. "कडुलिंबाच्या पाल्याचा चुरा हाय ह्यात. आन् कागदाचे कपटे."

अमीनसाहेबांनी कापड नाकाशी नेलं आणि लागोपाठ सात शिंका दिल्या. डोळे पुसत ते म्हणाले, "तंबाखू. घरात तंबाखू कोण खातं?"

कुणीच खात नव्हतं. पण मला आता बघायची गरज नव्हती. कसर लागू नये म्हणून प्रत्येक बस्त्यात वाळका लिंबाचा पाला आणि तंबाखूची भुकटी घालायची, हे मुहाफिजखान्याचं औषध. सोळा वर्षं दर महिन्याला मी ते माझ्या हातानं घातलं होतं. माझं नाक इतकं सरावलं होतं की मला त्याचा वासही येत नव्हता. आणि दर शुक्रवारी, दार लावून, खिडकीच्या कट्ट्यावर आपटून आपटून मी ते बायकोच्या बाजेपाशी झटकत होतो.

कस्तुराबाईनं काही बोलायच्या आधी दम घेतला, मग बोलणं सोडून दिलं आणि पायानं गोधडी वर उचलली. बाजेखाली आठ बस्ते ओळीनं बसले होते.

नोकरी गेली, हे मला स्पष्ट दिसत होतं, पण त्याहून वाईट हे की महांतप्पा माझ्याकडं बघत होता. तो रागानं बघत असता तर सोसलं असतं. त्याला माझी कीव आली होती.

अमीनसाहेब वाकले, एका बस्त्याची चिठ्ठी वाचली, आणखी दोन शिंका दिल्या. मग विचार करू लागले.

"वायरलेस सापडली असती तर मला तीन दिवस लिहीत बसावं लागलं असतं," ते म्हणाले. "बस्ते सापडले तर आठवडा जाईल. आणि ते कागद पुन्हा तुमच्याच खोलीत ठेवायला यावं लागेल." त्यांनी नाक धरलं. "किल्ली कुणाकडं असते?"

"माझ्याकडं, साहेब."

"दारातली गाडी कुणाची?"

"माजी," महांतप्पा म्हणाला. "आक्काला न्यायला आणलीय."

"रिकामी आहे ना आत्ता? मग मी ठाण्यावर पोचायच्या आत हे बस्ते आपल्या जागी जातील. मी इथं एक मोडका पंखा पाहिला. बस."

अशा रीतीनं कस्तुराबाईसाठी अंथरलेल्या कडब्यावर, घोंगड्यावर, तक्क्याला टेकून आठ बस्ते बसले. दगडाबाई तांदळाचं ताट घेऊन खोळंबली होती, तिला काय करावं कळेना. कस्तुराबाईनं गाडीकडं बोट केलं. "त्यांची भर," ती म्हणाली. "सवत हाय... सोळा वर्सांची." दगडाबाईनं खरोखर सगळ्यांत वरच्या बस्त्यावर खण ठेवून तांदूळ घातले. मी गाडीमागं चालत बाजारातून गेलो, आणि निदान दहा जणांनी विचारलं की अप्पा, कोण चाललं माहेरी?

महांतप्पा मात्र लगेच गेला नाही. आठ दिवस बघतो म्हणाला आणि राहिला. त्यानं स्वतः खोली ओल्या फडक्यानं पुसली, शेणानं सारवली, गोधड्या उन्हात टाकल्या. त्याचे बैल आमच्या दारात बसून राहिले. जीन चालूच होतं, चार तुसं उडतच होती, गफारनं पुन्हा जोडून दिलेली पेटीही गुणगुणत होती. मी कचेरीतून आलो की आधी पायरीवर कपडे झटकायचे, तोंड धुवायचं आणि मग आत यायचं, असा नवा हुकूम निघाला. मुहाफिजखान्याचा अहलकार उघड्यावर सदरा काढून उभा आहे, हे बघायला सुरुवातीला बोळात माणसं जमत.

पुढच्या शुक्रवारी दुपारी जीन बंद झालं, त्याबरोबर पेटीही थांबली. मी बाहेर ओसरीवर बसलो होतो, हातात काम नाही, बस्ता नाही. आत बघितलं तर कस्तुराबाई आडवी झाली होती. उशी एकच. छातीत पिपाणी नाही. मी आणि महांतप्पा दारात उभे राहून बघत होतो, दोघंही श्वास धरून, जणू आपल्यालाच धाप लागेल.

"दाजी," तो कुजबुजला, "मग आता म्या रिकामीच गाडी न्यायची व्हय?"

कस्तुराबाईनं डोळे उघडले नाहीत.

"रिकामी कशाला नेतोस बाबा, दाजींना घाल तिच्यात आन् आठ दिवस ठेव बोरीच्या काठाला, म्हंजे ह्या घराला उगंच शिकलेल्या माणसाचा जो वारा लागलाय तो तरी जरा निघून जाईल."

महांतप्पा तोंडावर पंचा धरून हसू लागला. मी बोटांवर मोजत होतो. दिवाळीनंतर एवढं लांब वाक्य ती पहिल्यांदाच एका दमात बोलली होती. मला नीट ऐकू आलं नाही असं सांगून मी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं.